दोन मतांनी जिंकलेला जर्मनी

जर-तरच्या प्रश्नांची आपल्याकडे एका म्हणीत बोळवण होते: आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. गंमत म्हणजे हीच म्हण ऐकवणारी मंडळी पानिपताचा विषय निघाला की विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, यावर रात्र जागवतात. तेव्हा असा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, तो धड विचारला पाहिजे एवढंच. ‘जर्मन राज्यं एक झालीच नसती तर?’ हा असाच एक आवडता प्रश्न, आणि त्यावरचा वाद मी जेव्हा जेव्हा ऐकला-वाचला तेव्हा तो भलत्याच मैदानावर खेळला जात होता. एक बाजू म्हणते, 1871 चं एकीकरण टळलं असतं तर 1914 टळलं असतं, 1939 टळलं असतं, विसावं शतक सुखात गेलं असतं. दुसरी म्हणते, एकीकरण अटळ होतं. भाषा एक, रेल्वे आलेली, कारखाने उभे राहिलेले. ते घडवणारा प्रशियाचा मंत्री बिस्मार्क नसता तर दुसऱ्या कोणी ते केलं असतं. आणि समजा नसतंच झालं, तर ती चिमुकली संस्थानं फ्रान्स आणि रशियाच्या जात्यात भरडली गेली असती.

दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघी न बोलता धरून चालतात: एकीकरण झालं नसतं म्हणजे जर्मनीचे तुकडे तुकडेच राहिले असते. घोडं पेंड खातं ते इथेच. 1871 चा पर्याय फाटाफूट हा नव्हताच. तेव्हा एक जर्मन संघ अस्तित्वात होता, तो पन्नास वर्षं चालला होता, आणि तो म्हातारपणानं मेला नाही. त्याला 1866 साली तोफांनी मारण्यात आलं. माझं म्हणणं असं की तो संघ टिकणं सहज शक्य होतं. टिकला असता तर जर्मनांचं फारसं काही बिघडलं नसतं, आणि युरोपचं बहुधा भलं झालं असतं. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण पहिल्या बाजूचा आशावादही मला मान्य नाही.

आधी तो संघ काय होता ते पाहू. 1806 साली पवित्र रोमन साम्राज्य बरखास्त झालं, आणि नेपोलियनच्या धामधुमीत शेकड्यांनी असलेली जर्मन राज्यं एकमेकांत मिसळून कमी झाली. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत उरलेल्या 39 राज्यांचा संघ बनला. त्याची सभा फ्रँकफर्टला बसे, अध्यक्षपद ऑस्ट्रियाकडे असे. माइन्झ, लक्झेंबर्ग, लांडाऊ आणि पुढे राश्टाट व उल्म इथे संघाचे सामायिक किल्ले होते. 1834 पासून प्रशिया या उत्तरेतल्या बलाढ्य जर्मन राज्याच्या पुढाकारानं झोलफेराइन हा जकातसंघ सुरू झाला आणि बहुतेक राज्यांमधले जकातनाके उठले. 1848 च्या सुमारास हुंडीचा कायदा एक झाला, 1861 मध्ये व्यापारी संहिता एक झाली. 1857 च्या करारानं नाण्यांचे दर बांधले गेले: उत्तरेचे 4 थालर म्हणजे दक्षिणेचे 7 गुल्डेन. व्यापार एक, कायदा बराचसा एक, संरक्षणाची जबाबदारी सामायिक, पण राजे, विधिमंडळं आणि फौजा ज्याच्या त्याच्या. आज अशी रचना दिसली तर आपण तिला तुकडे म्हणू का?

या संघाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. 1819 च्या कार्ल्सबाड ठरावांनी याच संघामार्फत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला आणि विद्यापीठांवर नजर ठेवणारे अधिकारी नेमले गेले. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख यानं संघाचा उपयोग मुख्यतः पोलिसी कामासाठी केला. त्याआधीच्या काळात तर हेस-कासेलच्या राजानं आपली प्रजा सैनिक म्हणून इंग्लंडला भाड्यानं दिली आणि ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मरायला गेली. छोटा राजा म्हणजे दयाळू राजा हे समीकरण जगात कुठेच खरं नाही. पण हा संघ सुधारण्याचे प्रयत्न झाले होते, आणि हे एकीकरण अटळ मानणारे सोयीस्करपणे विसरतात. ऑगस्ट 1863 मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफनं सगळ्या जर्मन राजांना फ्रँकफर्टला बोलावलं. मसुदा तयार होता: वर एक संचालक मंडळ, आणि खाली राज्यांच्या विधिमंडळांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा. जवळजवळ सगळे आले. प्रशियाचा राजा विल्हेल्म बाडेन-बाडेनला मुक्कामाला होता. त्याला आणायला सॅक्सनीचा राजा योहान स्वतः गेला. विल्हेल्मचं मन जाण्याकडे होतं. बिस्मार्कनं राजीनाम्याचा बडगा दाखवून त्याला अडवलं, आणि प्रशियाशिवाय मसुदा बारगळला. एक राजा एका मंत्र्याला घाबरून घरी बसला, यात अटळ काय होतं?

आणि हा मंत्री तरी त्या खुर्चीवर कसा आला? 1862 च्या सप्टेंबरात लष्कराच्या खर्चावरून प्रशियाच्या विधिमंडळाशी राजाचं इतकं बिनसलं होतं की त्यानं गादी सोडण्याचा कागद लिहून तयार ठेवला होता. त्याचा मुलगा फ्रेडरिक उदारमतवाद्यांच्या बाजूचा समजला जाई. बिस्मार्कला तेव्हा पॅरिसहून बोलावून घेतलं ते शेवटचा उपाय म्हणून. पुढची चार वर्षं विधिमंडळाची अर्थसंकल्पाला मंजुरी नसताना त्यानं कर वसूल केले. 7 मे 1866 रोजी बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर फर्डिनांड कोहेन-ब्लिंड नावाच्या तरुणानं त्याच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. बिस्मार्कनं त्याला स्वतःच्या हातानं धरलं आणि किरकोळ खरचटण्यावर निभावलं.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 3 जुलै 1866 रोजी, बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक मुलखात, क्योनिगग्रेट्झची लढाई झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती साडोवाची लढाई म्हणून येते. दोन्हीकडचे मिळून चार लाखांहून अधिक सैनिक त्या मैदानावर होते. सकाळी पाऊस, वर धुकं. दुपारपर्यंत प्रशियाची पहिली फौज जंगलात अडकली होती आणि ऑस्ट्रियाचा तोफखाना तिला पुढे सरकू देत नव्हता. युवराज फ्रेडरिकची दुसरी फौज चिखलातून वाट काढत उत्तरेकडून यायची होती. ती वेळेवर पोचली, ख्लुम गाव तिनं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रियाचा निकाल लागला. याला कोणी नशीब म्हणेल, कोणी प्रशियाचा सेनानी मोल्टके याचं नियोजन. नियोजन होतंच: प्रशियानं पाच रेल्वेमार्गांनी फौजा आणल्या, ऑस्ट्रियाकडे एकच मार्ग होता, आणि प्रशियाची मागून भरायची बंदूक ऑस्ट्रियाच्या बंदुकीच्या कितीतरी पट वेगानं झडत होती. पण युद्धाआधी युरोपातल्या पुष्कळ जाणत्यांनी ऑस्ट्रियावरच भरवसा ठेवला होता. ती फौज त्या चिखलात चार तास उशिरा पोचली असती, तर आज ‘अटळ’ हाच शब्द आपण जर्मन संघाच्या टिकून राहण्याबद्दल वापरला असता.

या युद्धात कोण कोणाच्या बाजूला होतं, हे तर सांगितलंच पाहिजे. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, वुर्टेम्बर्ग, बाडेन, हेस, नासाऊ हे सगळे ऑस्ट्रियाच्या बाजूनं प्रशियाविरुद्ध लढले. म्हणजे ज्याला आपण जर्मन एकीकरणाचं युद्ध म्हणतो ते बहुतेक महत्त्वाच्या जर्मन राज्यांशी एका जर्मन राज्यानं केलेलं युद्ध होतं. जिंकल्यावर प्रशियानं हॅनोव्हर, हेस-कासेल, नासाऊ आणि फ्रँकफर्ट थेट गिळले. फ्रँकफर्ट हे स्वतंत्र नगरराज्य, ज्याच्या पाउल्सकिर्चे चर्चमध्ये 1848 साली पहिली जर्मन राष्ट्रसभा भरली होती. त्या शहरावर आधी 60 लाख गुल्डेनची खंडणी बसवली. ती भरल्यावर आणखी अडीच कोटी मागितले, आणि नगराध्यक्ष कार्ल फेल्नरकडे शहराच्या कारभाऱ्यांची नावं व मालमत्ता यांची यादी मागितली. 24 जुलैच्या पहाटे फेल्नरनं गळफास घेतला. ती दुसरी खंडणी पुढे माफ झाली, पण शहराचं स्वातंत्र्य परत आलं नाही. जर्मन लोकांनी एक व्हायचं ठरवलं आणि ते एक झाले, ही शाळकरी गोष्ट या माणसाला कशी सांगणार?

दक्षिणेकडच्या राज्यांनी तरी पुढे आनंदानं उडी घेतली का? 1868 साली जकातसंघाच्या संसदेसाठी निवडणुका झाल्या. वुर्टेम्बर्गमधून प्रशियाधार्जिण्या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. बव्हेरियातही प्रशियाविरोधकांची सरशी झाली. 1869 मध्ये तिथल्या विधिमंडळातही ‘देशभक्त’ पक्षाला बहुमत मिळालं, आणि त्यांचा देश म्हणजे बव्हेरिया. 1870 चं फ्रान्सबरोबरचं युद्ध आलं नसतं तर ही राज्यं कशाला हलली असती? युद्ध जिंकत असताना बिस्मार्कनं एक पत्र स्वतः लिहून बव्हेरियाच्या राजाकडे पाठवलं: विल्हेल्मनं सम्राट व्हावं अशी विनंती करणारं. लुडविग दुसरा होहेनश्वांगाऊच्या वाड्यात दातदुखीनं अंथरुणावर होता. त्यानं पत्र आपल्या हस्ताक्षरात उतरवून दिलं. त्याच्या बदल्यात पुढे वर्षानुवर्षं त्याला गुपचूप पैसे पोचत राहिले, आणि ते पैसे कुठून आले? हॅनोव्हरच्या पदच्युत राजाच्या जप्त केलेल्या मालमत्तेतून. एका बुडवलेल्या राज्याच्या तिजोरीतून दुसऱ्या राज्याची संमती विकत घेतली गेली. 18 जानेवारी 1871 ला व्हर्सायच्या आरसेमहालात साम्राज्याची घोषणा झाली तेव्हा लुडविग तिथे गेला नाही. भावाला पाठवलं. बव्हेरियाच्या विधिमंडळात तर चर्चा अजून चालूच होती. घोषणेनंतर तीन दिवसांनी मतदान झालं. दोन तृतीयांश बहुमत लागणार होतं. 102 विरुद्ध 48 मतांनी करार मंजूर झाला. लागणाऱ्या शंभर मतांपेक्षा दोनच मतं जास्त पडली. एव्हाना प्रशियाची ताकद इतकी होती की बव्हेरिया फार काळ बाहेर राहू शकला नसता, हे मी मान्य करतो. पण इतिहासाच्या प्रवाहाचा एवढा जोर होता म्हणतात, तर मग दांडगाई, पैसा आणि दोन मतं यांची गरज का पडली?

आणि झालं ते खरोखर एकीकरण होतं का, हाही प्रश्न आहे. व्हिएन्ना, साल्झबुर्ग, इन्सब्रुक, प्राग इथले लाखो जर्मनभाषक शतकानुशतकं एका साम्राज्याचे आणि मग संघाचे भाग होते. 1866 नंतर त्यांना बाहेर काढलं गेलं. जर्मन इतिहासातली ही फाळणी आहे, आणि ती जर्मन राष्ट्रवाद्यांनीच साजरी केली. लक्झेंबर्ग आणि लिश्टेनश्टाइन हेही संघाचे सदस्य होते. ते कुठल्याच जर्मनीत गेले नाहीत. 1868 साली लिश्टेनश्टाइननं आपली फौजच बरखास्त केली. ‘एक न झालेली जर्मन राज्यं’ पाहायला कल्पनेच्या जगात जावं लागत नाही. ऑस्ट्रिया, लक्झेंबर्ग, लिश्टेनश्टाइन आजही आहेत, आणि तिथल्या लोकांनी बर्लिनशी जोडले न गेल्याबद्दल शोक केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. 1938 साली ऑस्ट्रिया एकदा जोडला गेला खरा. तो अनुभव पुन्हा नको म्हणून आज तो वेगळाच बरा वाटतो.

आता दुसऱ्या बाजूचे भारी मुद्दे. पहिला उद्योगाचा. 1871 नंतर मार्क हे एक चलन आलं, 1876 ला राइक्सबँक, 1877 ला पेटंटचा कायदा, आणि 1913 पर्यंत जर्मनी पोलादात ब्रिटनच्या दुपटीवर गेला. हे नाकारण्यात अर्थ नाही. एका बाजारपेठेचा आणि एका बँकेचा फायदा झालाच. पण या उद्योगांचे जन्मदाखले काढून पाहा. पहिली रेल्वे 1835 मध्ये बव्हेरियात न्यूरेम्बर्ग ते फ्युर्थ धावली. सीमेन्सची सुरुवात 1847 ची. पुढे जगभर रंग आणि औषधं विकणाऱ्या तीन कंपन्यांपैकी बायर आणि हेक्स्ट 1863 मधल्या, बीएएसएफ 1865 मधली. पहिली प्रशियात, दुसरी नासाऊच्या संस्थानात, तिसरी बाडेनच्या मानहाइममध्ये. त्यातली बीएएसएफची गोष्ट तर मासलेवाईक आहे. मानहाइमच्या नगरपालिकेशी जमिनीवरून जमलं नाही, म्हणून कारखाना ऱ्हाइन ओलांडून पलीकडे लुडविग्सहाफेनला गेला. पलीकडचा काठ बव्हेरियाच्या राजाचा होता. एका राज्यानं नाही म्हटलं तर नदीपल्याडचं राज्य हो म्हणायला उभं होतं. आणखी एक: 1866 च्या युद्धात ज्या राज्यांच्या फौजा एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या, त्यांची सामायिक जकातवसुली मात्र चालूच राहिली. बाजार एक करायला सिंहासन एक करावं लागत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? आणि एकीकरणानंतर तरी सगळं लगेच एक झालं का? दिवाणी संहिता यायला 1900 उजाडलं. रेल्वे राज्याराज्यांच्याच राहिल्या. त्या एक झाल्या 1920 मध्ये, म्हणजे साम्राज्य बुडाल्यावर. ज्या जर्मनीच्या औद्योगिक पराक्रमाचं आपण कौतुक करतो, तो पराक्रम वेगवेगळ्या रेल्वेंवरूनच धावला.

विद्येचं तर उलटंच आहे. प्रत्येक राजाला आपलं विद्यापीठ हवं असे, त्यातून ग्यॉटिंगेन, येना, हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, लाइपझिग अशी केंद्रं उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1820 साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठं होती, तेव्हा जर्मन मुलखात वीसच्या आसपास होती. लीबिगची रसायनशाळा, जिथून सगळ्या युरोपचे रसायनतज्ज्ञ शिकून गेले, ती हेसमधल्या गीसेन या आडगावात होती. 1837 मध्ये हॅनोव्हरच्या राजानं राज्यघटना रद्द केली, निषेध करणाऱ्या ग्यॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांना काढलं, त्यात ग्रिम बंधू होते. काही वर्षांत त्यांना बर्लिनला आणि इतरांना आणखी कुठे जागा मिळाली. एका दरबारानं हाकललं तर दुसरा ठेवून घेई. या गजबजाटाचा पुण्याला थेट लाभ झाला आहे. डेक्कन कॉलेजच्या परंपरेतला संस्कृतचा मोठा पंडित मार्टिन हाउग वुर्टेम्बर्गचा. त्याच्यानंतर आलेला फ्रान्झ कीलहॉर्न हॅनोव्हर राज्यातल्या ओस्नाब्र्यूकमध्ये जन्मलेला. ज्याची महाभाष्याची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते, तो हा कीलहॉर्न 1866 साली पुण्यात आला, आणि त्याच वर्षी त्याचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं. ग्यॉटिंगेननं 1885 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा ते विद्यापीठ प्रशियाचं झालेलं होतं. पण तिथली विद्येची परंपरा घडवली होती हॅनोव्हरनं.

सर्वांत जड मुद्दा संरक्षणाचा, आणि इथे मी सहज सुटत नाही. पोलंडकडे पाहा. सैल राज्यव्यवस्था, एका सदस्याच्या नकारानं सभा अडायची, आणि 1772, 1793, 1795 अशा तीन वेळा शेजाऱ्यांनी तो वाटून खाल्ला. तीस वर्षांच्या युद्धात, 1618 ते 1648, सगळ्या युरोपनं आपली भांडणं जर्मन शेतांत येऊन लढली. 1813 ला लाइपझिगला जर्मन दोन्ही बाजूंनी होते, आणि सॅक्सनीची पलटण लढाई चालू असताना बाजू बदलून गेली. मराठी वाचकाला हे अधिकच भिडतं, कारण शिंदे-होळकर-भोसले-गायकवाड यांच्यात एकी नव्हती म्हणून बुडालो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण 1815 नंतरच्या संघात आणि पोलंडमध्ये एक फरक आहे, आणि तो निर्णायक आहे. पोलंडच्या भोवती तीन भुकेली साम्राज्यं होती आणि आत एकही बलाढ्य सत्ता नव्हती. जर्मन संघात युरोपातल्या पाच महासत्तांपैकी दोन सदस्य म्हणून बसल्या होत्या. पन्नास वर्षांत फ्रान्सनं ऱ्हाइनकडे अनेकदा डोळे वटारले, 1840 मध्ये तर युद्ध होतं की काय अशी वेळ आली, पण संघावर चाल करून येण्याची कोणाची छाती झाली नाही. आणि संघानंही, 1848 ते 1851 चा डेन्मार्कबरोबरचा श्लेस्विगचा झगडा सोडला, तर कोणावर चाल केली नाही. गिळायला फार मोठा आणि झडप घालायला फार सैल असा हा मधला प्रदेश युरोपच्या पोटात होता. क्रिमियाचं युद्ध 1853 ते 1856 पेटलं आणि मुख्यतः काळ्या समुद्राभोवती जळत राहिलं. मध्य युरोप त्यात ओढला गेला नाही. 1914 मध्ये ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारल्यापासून एका आठवड्यात बेल्जियम, फ्रान्स, रशिया आणि ब्रिटन सगळे युद्धात होते. हा वेग मध्य युरोपात एकाच हुकमतीखालचं, वेळापत्रकाला बांधलेलं प्रचंड सैन्य असल्याशिवाय शक्य होता का? संघ मोडला तोही बाहेरच्यांनी नव्हे, आतल्या दोघांपैकी एकानं मोडला. हा दोष त्याच्या बांधणीत होता आणि तो मी मान्य करतो. पण त्यावरचा इलाज प्रशियानं बाकीच्यांना गिळणं हाच होता, हे कसं सिद्ध होतं? स्वित्झर्लंडमध्ये 1847 ला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट कँटनांचं, म्हणजे तिथल्या घटक राज्यांचं, युद्ध झालं. चार आठवड्यांत संपलं, शंभराच्या आसपास माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी संघराज्याची घटना आली, जिच्यात कोणताही एक कँटन बाकीच्यांच्या डोक्यावर बसला नाही.

बिस्मार्कच्या साम्राज्यात मात्र प्रशियाकडे निम्म्याहून कितीतरी अधिक भूमी आणि लोकसंख्या होती. राज्यांच्या वरच्या सभागृहात घटनादुरुस्ती 14 मतांनी अडवता येई, आणि प्रशियाकडे 17 मतं होती. खुद्द प्रशियात कर भरण्याच्या ऐपतीवर मताचं वजन ठरवणारी तीन वर्गांची पद्धत 1918 पर्यंत चालली. सरदार पटेलांना ‘भारताचा बिस्मार्क’ म्हणताना नेमकं हेच विसरलं जातं. साडेपाचशेहून अधिक संस्थानं जोडली गेली ती कोणा एका प्रांताच्या पोटात नव्हे, आणि घटना लिहिली ती संविधान सभेनं. हैदराबादला फौज पाठवावी लागली हे खरं. पण भारतात कोणी प्रशिया नव्हता. ही तुलना पटेलांचा गौरव म्हणून केली जाते, आणि त्यांनी केलेल्या कामातला निम्मा भाग ती झाकते.

आता पहिल्या, स्वप्नाळू बाजूकडे. एकीकरण नसतं तर नाझी नसते, हे सूतावरून स्वर्ग गाठणं झालं. हिटलर जन्मला तो ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या ब्राउनाऊमध्ये, म्हणजे 1871 नं बाहेर ठेवलेल्या जर्मनांमध्ये. ‘सगळे जर्मन एका छताखाली’ हे वेड तिथेच अधिक पेटलं, कारण छताबाहेर तेच होते. यातून जर्मन संघाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना एक मुद्दा मिळतो, हे कबूल. पण यहुदीद्वेष, वंशवाद, लोकशाहीची चीड हे काही बिस्मार्कचे शोध नव्हते. छोटी राज्यं वसाहतीत क्रूर झाली नसती, हाही भ्रम. 1904 ते 1908 मध्ये नामिबियात हेरेरोंचा जो संहार झाला तो संघानं कदाचित केला नसता. पण बेल्जियमसारख्या इवल्याशा देशाच्या राजानं काँगोत काय केलं? पोर्तुगाल किती मोठा होता, आणि तो गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत बसलाच की. आणि 1848 ची ती लोकशाहीवादी राष्ट्रसभा, जिचं अपयश आपण हळहळून सांगतो, तिच्यातले उदारमतवादी प्रशियातल्या पोझेन प्रांताच्या पोलिशांबद्दल काय बोलत होते ते वाचलं तर उदार मार्गानं झालेली एकी शेजाऱ्यांना गोडीगुलाबीनं वागवती, ही आशा मावळते. यहुद्यांना पूर्ण नागरी समानता अनेक राज्यांत एकीकरणानंच आणली, हेही संघाच्या बाजूनं बोलणाऱ्यानं लपवू नये. मात्र एकीकरण म्हणजे आधुनिकता असंही नाही: मेक्लेनबुर्गमध्ये जमीनदारांची मध्ययुगीन सभा साम्राज्याच्या छत्राखालीच 1918 पर्यंत सुखेनैव नांदली.

राहता राहतो तो लोकांच्या इच्छेचा मुद्दा. एकीची ओढ खरी होती. 1859 साली कवी शिलरच्या जन्मशताब्दीला गावोगावी मिरवणुका निघाल्या. गायनमंडळं, व्यायामशाळा, विद्यार्थी संघटना यांच्यातून एक जर्मन भावना वाढत होती. ती पोलिसांनी दाबून संपणारी नव्हती. पण त्या मिरवणुकांतल्या माणसांना काय हवं होतं? छापण्याचं स्वातंत्र्य, निवडलेली सभा, जबाबदार मंत्रिमंडळ आणि एक राष्ट्र. यातलं शेवटचं बिस्मार्कनं दिलं, आणि पहिली तीन अर्धीमुर्धी ठेवली. 1878 ते 1890 समाजवादी पक्षाच्या सभा आणि वृत्तपत्रांवर बंदी होती. बव्हेरियानं आपली टपाल आणि रेल्वे, शांतताकाळातली फौज आणि बिअरवरचा कर स्वतःकडे राखून घेतले. ज्यांना राखायची ताकद होती त्यांनी राखून घेतलं, म्हणजे संपूर्ण विलीनीकरणाची हौस लोकांना नव्हतीच. 1947 मध्ये दोस्तांनी प्रशिया हे राज्यच कायद्यानं संपवलं, आणि 1949 मध्ये नव्या संघराज्याची घटना आली तेव्हा बव्हेरियाच्या विधिमंडळानं तिच्याविरुद्ध मत दिलं. इतर राज्यांनी मान्य केली तर आम्हालाही लागू, असा वेगळा ठराव करून ते आत आले. जवळजवळ ऐंशी वर्षांनीही त्यांचा सूर बदललेला नव्हता.

माझ्या युक्तिवादाची खरी परीक्षा मात्र बव्हेरियात नाही, बोहेमियात आहे. जर्मन संघाच्या हद्दीत चेक होते, स्लोव्हेन होते, त्रिएस्तचे इटालियन होते. 1848 मध्ये फ्रँकफर्टच्या सभेचं निमंत्रण चेक इतिहासकार पालात्स्कीनं नाकारलं, आपण जर्मन नाही असं स्पष्ट कळवून. सैल संघात अशा माणसाला राष्ट्र-राज्यापेक्षा जास्त जागा असते, हे मला पटतं, कारण संघ त्याच्याकडे जर्मन होण्याची मागणी करत नाही. पण शाळेत कोणती भाषा, कचेरीत कोणती भाषा, हा झगडा प्रागमध्ये बिस्मार्कशिवायही पेटलाच असता. तो सोडवायला व्हिएन्ना आणि बर्लिन दोघांनी मिळून चेकांना बरोबरीची जागा द्यावी लागली असती, आणि 1863 च्या फ्रँकफर्टच्या मसुद्यात तशी तजवीज कुठेच नव्हती.